शोधणाऱ्यासाठी लपवणे : चांगला जिओकॅश कसा रचावा

जिओकॅशिंग हा जीपीएसच्या आधारे खेळला जाणारा शोधाचा खेळ आहे. एक खेळाडू एखाद्या जागी डबा लपवतो, त्यात सही करण्यासाठी छोटी वही ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर नोंदवतो. दुसरा कोणीही खेळाडू ते आकडे मोबाइलमध्ये घालून तिथे पोहोचतो, डबा शोधतो, वहीत नाव व तारीख लिहितो आणि डबा होता तसाच परत ठेवतो. शोधायला कोणालाही एका दुपारी शिकता येते. लपवायला मात्र वेगळी तयारी लागते, आणि या लेखात तिचाच विचार केला आहे.

शोधणाऱ्याच्या वाट्याला दोन प्रकारचे कष्ट येतात. काही कष्ट लपवणाऱ्याने विचार करून योजलेले असतात : चढण, कोडे, चतुराईने झाकलेली जागा. काही कष्ट मात्र त्याच्या हलगर्जीपणामुळे माथी मारले जातात : चुकीचे आकडे, भिजून लगदा झालेली वही, बंद असलेले फाटक, ज्यातून काहीही कळत नाही अशी सूचना. पहिल्या प्रकारच्या कष्टांसाठीच माणूस हा खेळ खेळतो. दुसऱ्या प्रकारचे कष्ट एकेक करून काढून टाकणे म्हणजेच जिओकॅश रचणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या खेळाची सुरुवात नेमकी सांगता येते. १ मे २००० रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी चूक बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्याच मध्यरात्री तो अमलात आला. तोवर सामान्य माणसाच्या हातातले उपकरण शंभरएक मीटरपर्यंत चुकू शकत असे. आता ते दहा-वीस मीटरच्या आत जागा दाखवू लागले. ३ मे रोजी डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञाने ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक काळी प्लास्टिकची बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जीपीएसविषयीच्या एका चर्चागटात जाहीर केले. बादलीत पुस्तके, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि डबाबंद घेवडा अशा वस्तू होत्या, आणि नियम इतकाच होता की काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे संकेतस्थळ सुरू केले आणि आज जगभर तीस लाखांहून अधिक जिओकॅश नोंदलेले आहेत. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की ती पहिली बादली आजच्या नियमांत बसणार नाही : ती अर्धवट जमिनीत पुरलेली होती आणि तिच्यात खाद्यपदार्थ होता. आज डब्यात खाद्यपदार्थ ठेवायला मनाई आहे, आणि जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीविना जमीन खोदता येत नाही. या खेळाचे नियम लोकांनी प्रत्यक्ष ठेवलेल्या डब्यांमधून आणि त्यांतून उद्भवलेल्या अडचणींमधूनच घडत गेले आहेत.

डबा विकत घेण्याआधी जागा ठरवावी. नवखा खेळाडू बहुधा उलटे करतो. त्याच्या हाती एखादी छानशी डबी येते आणि मग ती कुठे बसेल याचा शोध सुरू होतो. शोधणारा माणूस मात्र डब्यासाठी तितकासा येत नसतो. त्याला अशी एखादी जागा हवी असते, जी या खेळाने दाखवली नसती तर त्याच्या नजरेतून सुटली असती. इंग्लंडमधील डार्टमूरच्या पठारावर १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडवाटेच्या जागी एक बाटली ठेवली आणि तिथवर पोहोचणारे लोक तीत आपले भेटकार्ड टाकू लागले. त्या बाटलीला किंमत आली ती तिथवरच्या चालीमुळे. म्हणून जागा निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : इथे डबा नसता, तरी मी पाहुण्याला इथे घेऊन आलो असतो का? उत्तर नकारार्थी असेल, तर दुसरी जागा पाहावी. अमेरिकेत नेवाडातील एका ओसाड महामार्गावर नियमाने चालेल इतक्या कमीत कमी अंतरावर डब्यांची लांबच लांब रांग लावलेली आहे आणि आकडा वाढवण्यासाठी दुरून लोक तिथे येतात. तो खेळाचाच एक प्रकार आहे, परंतु रचनेचा धडा घेण्यासारखे त्यात फारसे काही नाही.

हे कमीत कमी अंतर १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग आहे. एका डब्यापासून दुसरा डबा त्याहून जवळ ठेवता येत नाही. प्रत्येक नवा जिओकॅश प्रसिद्ध होण्यापूर्वी एक स्वयंसेवी परीक्षक नकाशावर त्याची तपासणी करतो आणि अंतर, परवानगी, सुरक्षितता व देखभाल यांविषयी शंका आल्यास प्रश्न विचारतो. जागेच्या मालकाची परवानगी हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. सार्वजनिक जागेलाही मालक असतोच, मग ती महापालिका असो, वनखाते असो वा पुरातत्त्व खाते. पुण्याच्या टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे आहे; तिथे रोज शेकडो लोक फिरायला येतात, एवढ्यावरून डबा ठेवण्याची मुभा आपोआप मिळत नाही. त्या मानाने गृहनिर्माण संस्थेची बाग, ओळखीच्या माणसाची शेती किंवा एखाद्या महाविद्यालयाचे आवार इथे परवानगी देणारी व्यक्ती समोर असते, तिला खेळ समजावून सांगता येतो आणि पुढे काही अडचण आल्यास ती आपल्याला फोनही करू शकते.

महाराष्ट्रात डबा ठेवण्याचा विचार मनात आला की पहिली आठवण गडकिल्ल्यांची होते, आणि तिथेच सर्वांत जास्त संयम हवा. आपले अनेक किल्ले केंद्र किंवा राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर आदी बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. तटाच्या दगडांमधली फट डबी लपवण्यासाठी अगदी सोयीची वाटते. परंतु लपवणारा एक दगड हलवतो आणि त्याच्या मागून येणारे शोधणारे शंभर दगड हलवतात, कारण नेमका कोणता दगड हे त्यांना माहीत नसते. शोधणाऱ्याचा हात जिथे जिथे पोहोचेल ती सगळी जागा आपल्या जबाबदारीची आहे, असे धरूनच रचना करावी. किल्ल्यावर नेणारा जिओकॅश करायचाच असेल, तर त्याला एक चांगली पद्धत आहे. किल्ल्यावर काहीही ठेवू नये; तिथे फक्त एक प्रश्न असावा. दाराशी किती बुरुज आहेत, फलकावर कोणते वर्ष दिले आहे, टाक्याला किती पायऱ्या आहेत, अशा प्रश्नांच्या उत्तरांतून पुढच्या जागेचे आकडे मिळतात आणि प्रत्यक्ष डबा पायथ्याच्या गावात, एखाद्या घराच्या कुंपणापाशी, घरमालकाच्या संमतीने ठेवलेला असतो. अनेक टप्प्यांच्या जिओकॅशला हा प्रकार नियमाने चालतो. खेळाडू गड नीट पाहतो, आणि गडाच्या एकाही दगडाला हात लागत नाही.

शहरात प्रश्न वेगळा आहे. मुंबईच्या लोकल गाड्यांत आणि स्थानकांवर बेवारस वस्तूला हात लावू नका अशी सूचना ऐकतच आपण वाढलो आहोत, आणि ती सूचना ज्या अनुभवांतून आली ते सर्वांना आठवतात. स्थानक, शासकीय इमारत, शाळा, पूल, विमानतळ, गर्दीचे देवस्थान यांच्या आसपास डबा ठेवण्याचा विचारही करू नये. हा धोका काल्पनिक नाही. जुलै २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदरबी या गावात एका उपाहारगृहाबाहेर ठेवलेल्या जिओकॅशच्या डब्यामुळे बॉम्बची शंका आली, रस्ता बंद करावा लागला आणि लष्कराच्या पथकाने तो डबा स्फोट घडवून नष्ट केला. म्हणून डबा शक्यतो पारदर्शक असावा आणि त्यावर हा खेळाचा डबा आहे असे बाहेरून वाचता येईल असे लिहावे. आत एक पत्र ठेवावे, आणि ते त्या गावच्या भाषेत असावे, कारण चुकून डबा सापडणारा माणूस गुराखी असेल, माळी असेल किंवा पहारेकरी असेल. पत्राचा मजकूर साधा हवा : ‘नमस्कार. हा डबा जिओकॅशिंग नावाच्या शोधाच्या खेळाचा आहे. यात फक्त वही आणि लहान वस्तू आहेत, धोकादायक काही नाही. जागेच्या मालकांना विचारून तो इथे ठेवला आहे. हवे तर वहीत आपले नाव लिहा आणि कृपया डबा होता तिथेच ठेवा. आपल्याला अडचण होत असेल, तर पुढील क्रमांकावर कळवा, आम्ही तो उचलून नेऊ.’ असे पत्र आत असले, की डबा कचऱ्यात जाण्याऐवजी जागेवर राहण्याची शक्यता बरीच वाढते.

आता आकड्यांकडे वळू. हा भाग कोरडा वाटतो, पण शोधणाऱ्याचा निम्मा वैताग इथेच जन्माला येतो. जिओकॅशिंगमध्ये अक्षांश-रेखांश अंश आणि दशांशी मिनिटे या स्वरूपात लिहितात, उदाहरणार्थ १८ अंश ३१.२०० मिनिटे उत्तर. अक्षांशाचे एक मिनिट साधारण १८५२ मीटरचे असते, म्हणजे तिसऱ्या दशांश स्थळावरील एक एकक म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर. रेखांशाचे अंतर उत्तरेकडे जाऊ तसे कमी होत जाते. पुण्याच्या अक्षांशावर तेच एकक सुमारे १.७६ मीटर भरते, तर बर्लिनमध्ये जेमतेम १.१३ मीटर. मोबाइलमधील नकाशे मात्र बहुधा नुसते दशांशी अंश दाखवतात. नकाशावरचे १८.५२० अंश म्हणजे १८ अंश ३१.२०० मिनिटे, ते जर कोणी घाईत १८ अंश ५२.० मिनिटे असे लिहिले, तर डबा कागदावर सुमारे साडेअडतीस किलोमीटर उत्तरेला सरकतो. एवढी मोठी चूक परीक्षकाच्या लक्षात येते. तीस मीटरची चूक कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि तीच त्रास देते.

मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाइल सुमारे पाच मीटरच्या आत जागा दाखवतो. दाट झाडी, उंच इमारती किंवा कातळकडा जवळ असल्यास उपग्रहाचा संकेत आदळून-परतून उपकरणाकडे येतो आणि हे अंतर सहज दुप्पट-चौपट होते. लपवणाऱ्याची चूक आणि शोधणाऱ्याच्या उपकरणाची चूक या दोन्हींची बेरीज होते, हे विसरू नये. पाच मीटर त्रिज्येचे वर्तुळ ७८ चौरस मीटरचे असते, दहा मीटरचे ३१४ आणि वीस मीटरचे तब्बल १२५६ चौरस मीटरचे. म्हणजे चूक दुप्पट झाली की शोधायची जमीन चौपट होते. त्यामुळे मोजमाप एकदा घेऊन थांबू नये. उपकरण डब्याच्या जागी काही मिनिटे स्थिर ठेवून आकडे टिपावेत, दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी आणि वेगळ्या दिशेने येऊन पुन्हा टिपावेत, आणि त्यांची सरासरी काढावी. दरम्यान आकाशातील उपग्रहांची मांडणी बदललेली असते, त्यामुळे एका वेळच्या चुका दुसऱ्या वेळच्या चुकांनी बऱ्याच अंशी भरून निघतात. मग शंभर मीटर दूर जाऊन, आपल्याला जागा माहीतच नाही असे समजून, त्या आकड्यांच्या मागे चालत यावे. बाण भलत्याच झाडापाशी नेऊन थांबवत असेल, तर तो शोधणाऱ्यालाही तिथेच नेणार.

याच वर्तुळावरून डब्याचा आकार ठरवावा. दहा मिलिलिटरहून लहान अशा डब्यांना नॅनो म्हणतात, शंभर मिलिलिटरपर्यंत मायक्रो, एक लिटरपर्यंत लहान, वीस लिटरपर्यंत नेहमीचा आणि त्याहून मोठा तो मोठा. बोटाच्या पेराएवढी चुंबकाची नॅनो डबी एकट्याच उभ्या असलेल्या लोखंडी बाकाखाली शोभून दिसते, कारण तिथे पाहण्याजोग्या जागा दहा-बाराच असतात. तीच डबी दगडांच्या राशीत किंवा घनदाट झाडीत ठेवली, तर लपण्याच्या जागा हजारो होतात आणि खेळाडूची बुद्धी तिथे काही कामाची राहत नाही; उरते ती निव्वळ चिकाटी आणि आजूबाजूच्या निसर्गाची नासधूस. जागेत मावेल तेवढा मोठा डबा ठेवावा, हा माझा आग्रह आहे. मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांना त्यात अदलाबदलीच्या छोट्या वस्तू ठेवता येतात, आणि वहीत दोन ओळींऐवजी चार वाक्ये लिहिता येतात.

डब्याचा खरा शत्रू पाणी आहे, आणि सह्याद्रीच्या पावसाळ्यात तर तो चार महिने ठाण मांडून बसतो. गोळ्या-पेपरमिंटच्या पत्र्याच्या डब्या एका हंगामात गंजतात. काच फुटते. सैन्यात दारूगोळा ठेवण्यासाठी वापरलेल्या लोखंडी पेट्या पाश्चात्य देशांत आदर्श मानल्या जातात, कारण त्यांच्या झाकणाला जाड रबरी कड असते. पण आपल्याकडे तशी पेटी उघड्यावर ठेवणे शहाणपणाचे नाही. चारी बाजूंनी कड्या लागणारा स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा उत्तम. त्याच्या झाकणाच्या खाचेत सिलिकॉनची एक बारीक वळी बसवलेली असते, आणि पाणी अडवण्याचे सगळे काम ती वळी करते. वहीच्या पिशवीचा एक कोपरा तिच्यावर अडकला, तरी तिथून केसाएवढी वाट तयार होते आणि एका रात्रीच्या पावसात डबा तळाशी भरतो. म्हणून वही डब्याच्या निम्म्याहून लहान असावी, कोंबून बसवावी लागू नये. झिपच्या पिशवीत वही, आणि पिशवी डब्यात, असे दोन थर ठेवावेत. पेनऐवजी पेन्सिल ठेवावी. जेल पेनची शाई ओलसर हवेतच पसरते, पेन्सिलचे लेखन भिजूनही वाचता येते. सिलिका जेलच्या पुड्यांवर फार विसंबू नये. दमट हवेत डबा चार वेळा उघडला, की त्या पुड्या तृप्त होतात आणि पुढे ओलावा शोषण्याची त्यांची क्षमता संपते. खाद्यपदार्थ किंवा वासाची कोणतीही वस्तू आत नसावी, अगदी सुगंधी मेणबत्तीसुद्धा. माकडे, उंदीर आणि मुंग्या या डब्याचे अक्षांश-रेखांश न विचारता येतात. चाकू, लायटर, औषधे आणि मद्य यांनाही डब्यात जागा नाही.

लपवण्याच्या युक्तीविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण माझ्या मते तिला दोनच कसोट्या लावाव्यात. पहिली कसोटी : ही युक्ती लोकांना कोणती सवय लावते? विजेच्या खोट्या पेटीत डबा ठेवणे चतुराईचे वाटते, परंतु अशी एक पेटी सापडली की तो खेळाडू पुढच्या वेळी खऱ्या पेटीचे झाकण उघडतो. बागेतल्या खोट्या पाणफवाऱ्यामुळे खरे फवारे उपटले जातात. झाडाला खिळा ठोकून टांगलेला डबा आणखी दहा जणांना खिळा ठोकायला शिकवतो. अशा युक्त्या कितीही सुंदर असल्या, तरी टाळाव्यात. दुसरी कसोटी : शोधणाऱ्याला न पाहता हात घालावा लागतो का? आपल्या डोंगरांत दगडांच्या फटी म्हणजे फुरशाचे आणि विंचवाचे घर. तिथे डबा खोल ढकलू नये. दोरीचे टोक बाहेर ठेवून तो ओढून काढता येईल असा, किंवा नजरेच्या उंचीवर टांगलेला असावा.

या कसोट्यांत बसणारी आणि जगभर आवडलेली एक रचना जवळून पाहू. पाण्याच्या पाइपचा पाच सेंटिमीटर आतल्या व्यासाचा, अर्धा मीटर लांबीचा तुकडा खालचे तोंड बंद करून एखाद्या खांबाला पट्टीने उभा बांधतात. तळाशी एक घट्ट बंद होणारी लहान नळी टाकलेली असते, आणि तिच्यात वही. वरून हात पोहोचत नाही, पाइप उलटा करता येत नाही. खेळाडू थोडा वेळ बुचकळ्यात पडतो आणि मग त्याच्या लक्षात येते की पाणी ओतले तर नळी तरंगत वर येईल. पाइपमध्ये साधारण एक लिटर पाणी मावते, म्हणजे ट्रेकरच्या पिशवीतली एक बाटली. पाणी ओतायला सुरुवात केल्यावर कळते की पाइपच्या खालच्या भागाला तीन भोके आहेत आणि पाणी त्यांतून वाहून चालले आहे. मग एका हाताची तीन बोटे भोकांवर, दुसऱ्या हातात बाटली आणि शेजारच्या मुलाने वर आलेली नळी पटकन उचलायची. खेळून झाल्यावर बोटे काढली की पाणी निचरून जाते, नळी पुन्हा तळाशी बसते आणि पुढच्या खेळाडूसाठी कोडे जसेच्या तसे तयार होते. ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे, कारण जी युक्ती प्रत्येक वेळी हाताने पुन्हा जुळवावी लागते, ती दहाव्या माणसापर्यंत मोडकळीला येते. ती भोके केवळ गमतीसाठीही नाहीत. निचरा नसलेल्या पाइपमध्ये पावसाचे पाणी साचून डासांची पैदास होईल. एवढे झाल्यावर वर्णनात ‘सोबत एक लिटर पाणी आणावे’ हे वाक्य असलेच पाहिजे. कोडे फोडले जाईल या भीतीने ते गाळले, तर माणूस तीन किलोमीटर चालून रिकाम्या बाटलीनिशी परत जातो.

घरी बसून सोडवायच्या कोड्यांचे जिओकॅश हा वेगळा प्रकार. त्यात संकेतस्थळावर दिलेली जागा खोटी असते आणि खरा डबा तिच्यापासून ३.२ किलोमीटरच्या आत कुठेतरी असतो. कोडे सोडवले की खरे आकडे मिळतात. आपल्याकडे अशा कोड्यांसाठी इतकी सामग्री पडून आहे की परदेशी नमुन्यांची नक्कल करण्याचे कारणच नाही. मोडी लिपीतले आकडे घेता येतील. शिलालेखावरचे शके घेता येईल. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की बहुतेक वेळा इसवी सन मिळते, जसे शके १५९६ म्हणजे शिवराज्याभिषेकाचे १६७४. चांगल्या कोड्यात उत्तर सापडल्याक्षणी ते बरोबर असल्याची खात्री पटते. ‘मला काय सुचले होते ते ओळखा’ असे स्वरूप असलेल्या कोड्यात ती खात्री कधीच मिळत नाही आणि लोक ते अर्ध्यावर सोडतात. म्हणून सर्व अंकांची बेरीज किती येते हे देऊन ठेवावे, म्हणजे चुकीच्या उत्तरावर विसंबून कोणी दुसऱ्याच्या अंगणात शोधत बसणार नाही.

डब्याविनाही जिओकॅश करता येतो, आणि महाराष्ट्रासाठी हा प्रकार मला विशेष योग्य वाटतो. अर्थकॅश या प्रकारात खेळाडू भूशास्त्रीय महत्त्वाच्या ठिकाणी जातो, निरीक्षण करतो आणि प्रश्नांची उत्तरे तो जिओकॅश रचणाऱ्याला पाठवतो. २००४ पासून हा उपक्रम अमेरिकेतील भूशास्त्रीय संस्थेच्या सहकार्याने चालतो. आपल्याकडे कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे आहेत, अंधेरीतील गिल्बर्ट हिलचे बेसाल्टचे उभे स्तंभ आहेत, लोणारचे सरोवर आहे. निघोजला प्रश्न कसा विचारावा? ‘खळगे कसे तयार झाले’ हे विचारू नये, ते घरबसल्या शोधता येते. त्याऐवजी असे विचारावे, की एखाद्या खळग्याच्या तळाशी राहिलेले गोटे गोल आहेत की टोकदार, खळग्याची कड कोणत्या बाजूला अधिक झिजलेली आहे, आणि त्यावरून पाण्याचा प्रवाह कसा फिरत असावा असे तुम्हाला वाटते. अशा प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी माणसाला खळग्याशी बसून पाहावेच लागते.

जिओकॅशच्या पानावर दोन श्रेणी द्याव्या लागतात, शोधाची काठिण्यपातळी आणि वाटेचा खडतरपणा, दोन्ही एक ते पाचपर्यंत अर्ध्या-अर्ध्या पायरीने. वाटेला एक दिला, तर चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती तिथे पोहोचू शकते असा त्याचा अर्थ होतो. पाच म्हणजे दोर, होडी किंवा तत्सम खास साधन लागते. या श्रेणी फुशारकीसाठी नाहीत. गुडघेदुखी असलेल्या आजोबांना नातवंडासोबत जाता येईल का, हे त्या एका आकड्यावर ठरते. आपल्याकडे ऋतूही लक्षात घ्यावा लागतो, कारण मे महिन्यात कोरडा असलेला ओढा जुलैत पार करणे जिवावर बेतू शकते. म्हणून पावसाळ्यात जाऊ नये असे ठळकपणे लिहावे, किंवा त्या काळापुरता जिओकॅश स्थगित ठेवावा. गाडी कुठे लावायची, पायवाट कुठून सुरू होते, फाटक किती वाजता बंद होते, हे सगळे सरळ सांगून टाकावे. रहस्य डब्याच्या जागेचे असावे, वाहनतळाचे नव्हे. सूचना देताना ‘नीट पाहा’ किंवा ‘सोपे आहे’ असले शब्द निरुपयोगी ठरतात. ‘जमिनीवर नाही, गुडघ्याच्या उंचीवर, लोखंडाला चिकटलेले’ ही खरी सूचना, कारण ती वाचल्यावर अर्धा तास शोधून थकलेला माणूस पाच मिनिटांत सही करून आनंदाने घरी जातो. प्रसिद्ध करण्यापूर्वी ज्याला जागा माहीत नाही अशा एका मित्राला पाठवावे, स्वतः गप्प राहून त्याच्यामागे चालावे आणि तो कुठे थबकतो, कुठे नको तिथे हात घालतो, ते टिपून घ्यावे.

इथून पुढे देखभाल सुरू होते. लपवणारा हा त्या डब्याचा मालक असतो आणि डबा जागेवर आहे तोवर ती मालकी सुटत नाही. परदेशातील मराठी कुटुंबांना सुट्टीत गावी आल्यावर आजोळच्या ओढ्यापाशी एक डबा ठेवून जावेसे वाटते, आणि ती भावना मला पूर्ण समजते. परंतु मालक हजारो किलोमीटर दूर असेल, तर परीक्षक असा जिओकॅश सहसा मान्य करत नाही. गावात राहणाऱ्या, खेळ समजलेल्या आणि वही बदलायला तयार असलेल्या भावंडाची संमती घेऊन देखभालीची योजना लिहून द्यावी लागते. चुलतभाऊ स्वतः खेळाडू झाला, तर त्याच्याच नावावर डबा नोंदवणे अधिक चांगले. मालकाने संकेतस्थळावरच्या लोकांच्या नोंदी वाचत राहाव्यात. एकापाठोपाठ दोघा-तिघांनी ‘सापडला नाही’ असे लिहिले, तर जाऊन पाहावे. वही ओली असल्याची नोंद आली, तर पुढच्या रविवारी कोरडी वही घेऊन जावे. लगेच जाणे शक्य नसेल, तर जिओकॅश तात्पुरता स्थगित करावा, म्हणजे कोणाचा प्रवास वाया जात नाही. साधारण चार आठवड्यांत दुरुस्ती होणे अपेक्षित असते, आणि त्यानंतरही हालचाल दिसली नाही तर परीक्षक तो बंद करू शकतो.

जागेचा मालक बदलतो, झाड पडते, टेकडीवर रस्ता होतो, किंवा आपल्याला गाव सोडावे लागते. अशा वेळी संकेतस्थळावर जिओकॅश कायमचा बंद करण्यासाठी एक बटण दाबावे लागते, आणि त्याच आठवड्यात प्रत्यक्ष जाऊन डबा, दोरी, चुंबक आणि पट्टीसकट सगळे उचलून आणावे लागते, नाहीतर तो केवळ जंगलात टाकलेला प्लास्टिकचा कचरा ठरतो. वही घरी ठेवावी. तिच्यात लोकांनी लिहिलेले असते. परवानगी देणाऱ्या मालकाला भेटून डबा काढल्याचे सांगावे. त्यानंतर सभोवतालची ती १६१ मीटरची जागा नकाशावर मोकळी होते आणि दुसऱ्या कोणालाही तिथे नवा डबा ठेवता येतो.